बिनअक्षराचा रुपया

९ ऑगस्ट, शनिवार. राखी पौर्णिमा.
आक्का हिंगोलीकडच्या गोरेगावहून राखी बांधायला आली. तिचं जेवण झाल्यावर विषय काढलाच. आईला जाऊन येत्या भाद्रपदात वर्ष होतं. दसऱ्याला आईचा टाक देवघरात बसला पाहिजे, आणि तो आईच्या गळ्यातल्या रुपयांचाच झाला पाहिजे. आई तसं बोलून गेली आहे. मी म्हणालो, मला माहीत आहे. आक्का म्हणाली, "माहीत हाय तर रुपये सोनाराकडं काहून न्हाई गेले अजून?"
शनिवारचा उपास होता. उपासाच्या दिवशी वाद घालू नये.
देवघरात आजोबांचा टाक आहे, बाबांचा आहे. चांदीच्या पत्र्यावर उठवलेली दोन बोटांएवढी माणसं. बाबांशेजारी आईची जागा मोकळी ठेवली आहे. पूजा करताना तिकडे नजर जाते.
संध्याकाळी माळ काढली. अकरा रुपये, निजामाच्या राज्यातले, हाली म्हणतात ते, प्रत्येकाला कडी. एका बाजूला चारमिनार. दहा रुपयांवर चारमिनारच्या दरवाज्यात एक उर्दू अक्षर आहे. मधल्या रुपयाच्या दरवाज्यात काहीच नाही. गुळगुळीत. हा रुपया माझ्या जन्मापासून घरात आहे आणि मी आज पाहिला.
देव दाखवतो तेव्हाच दिसतं.

११ ऑगस्ट, सोमवार
चार्जरच्या निमित्ताने गोरेगावला उत्तमरावाच्या मोबाइल दुकानात गेलो. शाळेपासूनचा दोस्त. त्याने रुपया भिंगाखाली धरला. दोनदा उलटासुलटा केला. मग म्हणाला, "हणमंतराव, ही टांकसाळीची चूक हाय. ठसा मारताना अक्षरच उमटलं न्हाई. असा रुपया हिंगोली जिल्ह्यात दुसरा न्हाई." जिल्ह्यातले सगळे रुपये त्याने पाहिले नसतील, पण रोज बारीक वस्तू हाताळणारा माणूस आहे.
त्याने व्हिडिओ लावून दिला. पांढरे हातमोजे घातलेला एक गृहस्थ समजावून सांगतो. जुनी चांदी कधी घासू नये. उघड्या हाताने धरू नये. कोरड्या, हवाबंद जागी ठेवावी. पुढे "चांदीचे शत्रू" असं काहीतरी सुरू झालं, तेवढ्यात जीपवाल्याने हॉर्न दिला. शत्रू कोण असतात हे मला पन्नाशीला आल्यावर व्हिडिओने सांगायची गरज नाही.
उत्तमरावाकडून खंडोबाची शपथ घेतली. कोणाला बोलणार नाही.
ठरलं. टाक दहा रुपयांचा. अकरावा राखायचा. एखाद्या म्युझियममध्ये काचेखाली राहील, खाली नाव. टाक फक्त आमच्या घरात दिसेल, रुपया जगाला दिसेल. म्हणजे मान आईचाच वाढतो. विकायचा विचारही नाही. लोभ हा माझ्या स्वभावातच नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
शाळेत झेंडावंदनाला गेलो. प्रसादाची बुंदी घेताना गावातला किशनराव म्हणाला, "हणमंता, तुह्याकडं बिनअक्षराचा रुपया हाय म्हनं. बिनअक्षराच्या मानसाकडं बिनअक्षराचा रुपया, देवानं जोडी बराबर लावली." सगळे हसले. मी सातवीपर्यंत शिकलो आहे, पण तिथे सांगितलं नाही.
उत्तमरावाने खंडोबाची शपथ मोडली. फोन केला तर म्हणाला, "म्या फकस्त हॉटेलात सांगितलं." आमच्या साखरा गावातली अर्धी माणसं त्याच हॉटेलात चहा पितात.
पहिला विश्वासघात. नोंद करून ठेवतो.
रुपये माळेतून सोडवले, पेपरात गुंडाळून रबर लावलं आणि हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात तळाशी घातले. डाळ कोरडी असते.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा.
बैल नाहीत, पण शेळ्यांना तरी रंग लावावा म्हणून ओट्यावर बसलो होतो. आत बायकोने, शिवकन्येने, पुरणाची डाळ काढली आणि पुडी तिच्या हाताला लागली. मी आत गेलो तेव्हा ती रुपये परातीत घेऊन चिंच लावत होती. मधला रुपया तिच्या मुठीत.
मी म्हणालो, घासायचं नाही. ती म्हणाली, "काळं पडून राहिलं, बघा की. रबराखाली पट्टा उमटला. सणाला बी घासू नको?" मी हातमोज्यांच्या गृहस्थाचं मत सांगितलं. ती म्हणाली, "त्याच्या घरी कोन घासतं मंग?"
घरातलं माणूसच चिंच घेऊन बसतं, तिथे बाहेरच्यांना काय बोलायचं.
पुरणपोळी चांगली झाली होती. दोनच खाल्ल्या, राग दिसावा म्हणून. नंतर एक.

२४ ऑगस्ट, रविवार. सकाळ.
पूजा करताना सुचलं. सहाणेवर चंदन उगाळत होतो. आमची सहाण जुनी, मध्ये खळगा पडलेली, त्यात पाणी थोडं साचतं आणि मन तिथेच थांबतं. चांगले विचार तिथेच येतात.
गेल्या वर्षी उडदावर भुरीचा रोग पडला होता तेव्हा आणलेली गंधक पावडर अर्धी पिशवी उरली आहे. घरातली सगळ्यात कोरडी वस्तू. किडा लागत नाही, बुरशी लागत नाही. जी पिकाला राखते ती चांदीला राखणारच. शिवाय रंग पिवळा, भंडारासारखा. झाकण उघडलं तरी कोणी म्हणेल, खंडोबाचा भंडार आहे. चोर असला तरी भंडारात हात घालणार नाही.
लग्नातल्या संचातले दोन स्टीलचे डबे देवघराच्या फळीवर आहेत. एकात भंडार, दुसरा रिकामा. रिकाम्यात गंधक भरला, त्यात अकरा रुपये पुरले, झाकण घट्ट. हात उघडे नको म्हणून पायमोजे घातले होते. हातात.
शिवकन्येने पाहिलं. म्हणाली, "थंडी वाजून राहिली का?" मी हो म्हणालो.
हे काम एकट्याच्या डोक्यातून निघालं याचं समाधान आहे.

३१ ऑगस्ट, रविवार
उत्तमरावाशी बोलणं सुरू केलं. माफ केलं असं नाही, पण त्याच्या मोबाइलवर नाणीवाल्यांचा एक ग्रुप आहे. त्यात त्याने माझ्या रुपयाचा फोटो टाकला होता. दोन उत्तरं आली. एकाने हसणारं तोंड पाठवलं. आनंद झाला असावा. दुसऱ्याने लिहिलं, हा रुपया दगडावर घासलेला आहे, टांकसाळीचा दोष नाही.
दगडावर रुपया कोण घासेल? पोटात दुखत असणार. मत्सर मोठ्या शहरातही असतो.

१० सप्टेंबर, बुधवार
आईचं वर्षश्राद्ध झालं. पंगत नीट उठली. दुपारी दारापुढच्या सपरीत बसल्यावर आक्काने विचारलं, रुपये दिले का. मी म्हणालो, दिल्यासारखेच आहेत. आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी आहे, माझ्याकडे अशी पाहते की मी पुन्हा चड्डीत येतो. म्हणाली, "मधला रुपया पैला दे. मायचा जीव त्याच्यात होता."
म्हणजे हिच्याही कानावर गेलं आहे. सांगणार कोण? घरात मी आणि शिवकन्या दोघंच, आणि मी सांगितलेलं नाही.
दुसरा विश्वासघात. हा जास्त लागला. उत्तमराव परका आहे.

१४ सप्टेंबर, रविवार
म्युझियमची चिठ्ठी तयार केली. "हाली रुपया, टांकसाळीची दुर्मीळ चूक. संग्राहक: हनुमंत, साखरा." नंतर "श्री. हनुमंतराव" केलं. मग वाटलं, आईचं नाव पाहिजे. आईचं नाव घातलं तर माझं खाली सरकतं आणि ओळ मोठी होते. आई मोठ्या मनाची होती. तिने हट्ट धरला नसता.
पाऊस थांबत नाही. सोयाबीन पिवळं पडून राहिलंय. पण डबा कोरडा आहे, हे एक बरं.

१८ सप्टेंबर, गुरुवार
आक्काचा तगादा होता म्हणून दहा रुपये सोनाराला द्यावेत आणि विषय संपवावा असं ठरवून डबा उघडला. पायमोजे घातले होते. आत रुपये नाहीत. रुपयांच्या आकाराच्या अकरा काळ्या चकत्या आहेत. तव्याच्या बुडासारख्या. चारमिनार आहे, कड्या आहेत, चांदी नाही. मधल्याच्या दरवाज्यात अक्षरही नाही. म्हणजे ज्याने नक्कल केली त्याने तेवढंही ध्यानात ठेवलं. बाहेरच्याला हे जमणार नाही.
शिवकन्येला विचारलं. सरळ विचारलं, ओरडलो नाही. रुपये कुठे गेले. ती चकत्यांकडे पाहून म्हणाली, "हेच हायत की." मी म्हणालो, हे लोखंड आहे, आणि या घरात डब्याला हात लावणारं दुसरं कोणी नाही.
भाकरी टाकत होती ती पुरी भाजली, माझ्या ताटात वाढली, आणि शिवकन्या चुलीसमोरून उठली. ती जेवली नाही.
सव्वीस वर्षांचा संसार. आतून असा निघावा.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
सकाळी शिवकन्या पिशवी घेऊन माहेरी जवळा बाजारला गेली. जाताना म्हणाली, "चोरानं घरात ऱ्हाऊ नये. शेळीचं दूध काढून घ्या, नसता आटंल." निरपराध माणूस असं जात नाही, अडून बसतो. असं मला वाटतं.
उत्तमरावाकडून स्पीकरचं लोहचुंबक आणलं. चकत्यांना लावलं. एकही चिकटली नाही. म्हणजे साधं लोखंड नाही. कट समजतो त्याहून मोठा आहे.
उत्तमराव म्हणाला, "चिकटत न्हाई म्हंजी चांदीच असंल की." त्याला या विषयातलं काय कळतं.
शेळीने दूध दिलं नाही. लाथ दिली. खिचडी केली, खाली लागली. हनुमानाला दिवा लावून बसलो. मनात म्हणालो, मी कोणाचं वाईट केलं? उत्तर आलं नाही. ते नेहमीच उशिरा येतं.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री अमावास्या.
सकाळीच आक्का आली. शिवकन्येने तिला जवळा बाजारहून फोन केला होता. रडत, असं आक्का म्हणाली.
चप्पल काढायच्या आधी म्हणाली, "दाव कुठं हायत." चकत्या दाखवल्या. आक्काने एक घेतली, वास घेतला, डब्याचा वास घेतला. म्हणाली, "गंधकात घातले व्हय रे? चांदी गंधकात घातली? तुला कोन्या बामनानं मुहूर्त काढून दिला होता?" मग चिंच भिजवली, चुलीतली राख घेतली आणि ओट्यावर बसून घासायला लागली. मी नको म्हणालो. तिने ऐकलं नाही. एकेक रुपया पांढरा होत गेला. कडीसकट. तेच अकरा.
मी म्हणालो, म्हणजे शिवकन्येने घेतले नव्हते. आक्का म्हणाली, "हे तिला सांग. मला काहून सांगतो?"
मग मधला रुपया हातात आला. मी म्हणालो, आक्का, तेवढा हळू, ती टांकसाळीची चूक आहे. ती हात थांबवून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "कोन्या टांकसाळीची? हणमंता, तू आठव्या महिन्यात झालास. मांजराच्या पिल्लागत होतास. रडायला बी येत नव्हतं तुला. सुईन म्हनली, सोनं-रुपं मधात उगाळून चाटवा, तग धरला तर धरला. सोनं कुठून आनायचं? माय रोज सकाळी गळ्यातली माळ काढायची आन ह्यो मधला रुपया सहानेवर उगाळायची. दीड वरीस. गोवर आला तवा बी. मुदतीचा ताप आला तवा बी. म्या मधाची बोटं चाटायला टपून बसायची, मला एक बी द्यायची न्हाई. ते अक्षर टांकसाळीत न्हाई ऱ्हायलं, लेकरा. तुह्या पोटात गेलं."
मी म्हणालो, पण ग्रुपवर... आक्का पुन्हा घासायला लागली.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना.
आक्काचं वय झालं आहे. जुन्या गोष्टी माणूस सजवून सांगतो.
पूजेला बसलो. सहाण पुढे घेतली. खळग्यात रुपया ठेवून पाहिला. बसला. कडी बाहेर राहिली, बाकी बोटाने दाबलं तर हलेना. मी रोज त्याच खळग्यात चंदन उगाळत आलो.
अकराच्या अकरा रुपये आक्काबरोबर सोनाराकडे पाठवले. हा निर्णय सर्वस्वी माझा आहे. म्युझियमला तसं कळवायची गरज नाही, कारण त्यांना अजून कळवलेलंच नव्हतं.
चिठ्ठी चुलीत घातली.
शिवकन्या दुपारी आली. घट बसवायचा म्हणून आली, माझ्यासाठी नाही, हे तिने शेळीला सांगितलं. मी ऐकावं अशा आवाजात. फोन मीच करणार होतो. नेटवर्क नव्हतं.

३० सप्टेंबर, मंगळवार
टाक आला. आक्काच घेऊन आली. पदर डोक्यावर, हात जोडलेले, कपाळाला टिकली. सोनाराचा ठसा एकच असतो, सगळ्या बायकांचं तोंड सारखंच येतं. तरी आई वाटली. हनुवटीमुळे असेल.
शिवकन्येने टाक पाहिला, डोक्याला लावला. माझ्याशी अजून बोलत नाही. जेवण वेळेवर मिळतं. ताट ठेवल्याचा आवाज जरा मोठा येतो.
संकल्प: तिची माफी मागायची. दसऱ्यानंतर. सणात माफी मागितली तर सणामुळे मागितली असं वाटतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.
टाक बसवला. बाबांशेजारची जागा भरली. अभिषेक मी स्वतः केला. भंडाराच्या डब्यात हात घातला तर तळाला चिमूटभरच. शेजारचा डबा उघडला तर काठोकाठ भरलेला. देव कमी पडू देत नाही. ओल्या टाकावर मूठ भरून भंडार उधळला, आईच्या कपाळाला, गालांना, जोडलेल्या हातांना. येळकोट केला. मन भरून आलं. या दोन महिन्यांत सगळ्यांनी दगा दिला, आई तेवढी राहिली.
शिवकन्या दारातून म्हणाली, "कशाचा वास येऊन राहिला?" पंधरा दिवसांत माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. टोमणा समजून सोडून दिलं. उदबत्ती नवीन कंपनीची आहे.
आपट्याची पानं देताना तिने ती घेतली. हात लागला. सुधारणा आहे.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
आई काळी पडली.
सकाळी देवघराचा पडदा सारला, तर टाकावर तोंड नाही. कोळशाचा तुकडा आहे. बाबांचा टाकही शेजारून डागला आहे.
मग सुचलं. सोनार. आईची चांदी त्याने ठेवून घेतली आणि कथिल-शिसं ठोकून दिलं. मेलेल्या माणसाच्या टाकातही भेसळ. उत्तमराव, म्हटलं दोस्त आहे, जिभेचा सैल आहे. पण हा देवाचं काम करणारा माणूस. हा सगळ्यात मोठा विश्वासघात. त्यापुढे बाकीचे सगळे माफ.
उद्या पहिल्या जीपने गोरेगावला जाणार. चारचौघांत विचारणार. काय बोलायचं ते पाठ केलं. किशनरावाला साक्षीला बोलावलं. तो म्हणाला, "चल, मला तसाबी बाजार करायचा हाय."

४ ऑक्टोबर, शनिवार
गोरेगावला गेलो नाही. किशनराव जीपमध्ये बसून गेला, त्याला बाजार होता.
निघताना शिवकन्येने देवघरातले दोन्ही डबे आणून माझ्यापुढे ठेवले. झाकणं काढली. म्हणाली, "वास घ्या." घेतला. मग दुसऱ्याचा घेतला. ती म्हणाली, "उडदावर मारायचा गंधक हाय. तोच फासला तुमी आत्याबाईच्या, तुमच्या मायच्या तोंडाला. आता डबा कोन बदलला म्हनता?"
मी म्हणालो, दोन्ही डबे सारखे आहेत. ही संच बनवणाऱ्याची चूक आहे.
ती हसली नाही. रागावलीही नाही. आत गेली, चिंच भिजवून आणली, राख चाळून आणली, परात पुढे ठेवली आणि शेळ्या सोडायला निघून गेली. आक्का उद्या येणार आहे.
हातमोज्यांचा गृहस्थ म्हणतो, जुनी चांदी घासू नये. पण टाक नवा आहे. नियमात बसतं.
पायमोज्याने जमेना. उघड्या अंगठ्यानेच घासावं लागतं, दाबून, गोल. कपाळापासून सुरुवात केली. टिकली दिसायला लागली. नाक आलं. हनुवटी आली. आई हे काम दीड वर्ष रोज कशी करत असेल कोण जाणे. माझा अंगठा आताच भरून आला.
डोळे अजून यायचे आहेत.